ठिबकणारा नळ पिळू नका, खोलून बघा

रात्री घर शांत झाले की न्हाणीघरातली टपटप ऐकू यायला लागते. दिवसभर ती असतेच, पण भांड्यांच्या आणि टीव्हीच्या आवाजात दबून जाते. मग कुणीतरी उठते, चाचपडत जाते, नळ आणखी थोडा पिळते आणि परत येऊन झोपते. दोन-चार दिवस बरे जातात. पुन्हा टपटप सुरू होते आणि या वेळी आधीपेक्षा जास्त जोर लागतो. महिन्या-दोन महिन्यांत अशी वेळ येते, की घरातल्या आजीला आणि लहान मुलांना तो नळ धड बंदही करता येत नाही आणि उघडताही येत नाही.

नळ ठिबकतो तेव्हा आत काहीतरी लहानसे झिजलेले किंवा अडकलेले असते. जुन्या पद्धतीच्या नळात तो रबरी वॉशर असतो. नव्या, पाव फेरीत उघडणाऱ्या नळात सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात. झिजलेल्या वॉशरवर जोर दिला की तो चेपून आणखी लवकर फाटतो. चकत्यांमध्ये रेतीचा कण असताना मूठ जोराने फिरवली की त्यांच्यावर ओरखडे पडतात. टपटप थांबवायला आपण जे करतो, त्यानेच ती वाढते. म्हणून हा सगळा लेख एका विनंतीभोवती फिरतो: नळावर जोर काढू नका, तो खोला आणि आत काय झाले आहे ते डोळ्यांनी बघा. वॉशरचा नळ असेल तर सामानाचा खर्च चहाच्या कपाएवढा आहे, आणि पहिल्यांदाच करत असाल तरी तासाभरात काम होते.

काम हाती घेण्याआधी एक छोटा प्रयोग करा. ठिबकणाऱ्या नळाखाली घरातला साधा पेला ठेवा आणि घड्याळ बघा. समजा २०० मिलीलिटरचा पेला वीस मिनिटांत भरला. म्हणजे तासाला ६०० मिली, दिवसाला १४ लिटरच्या वर, महिन्याला ४३० लिटर. शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. त्या हिशेबाने तीन माणसांचे पुऱ्या दिवसाचे पाणी एका नळातून महिनाभरात निघून गेले. उन्हाळ्यात टँकरची वर्गणी भरणाऱ्या सोसायटीत हा आकडा जिन्यात लावावा असा आहे. गरम पाण्याचा नळ ठिबकत असेल आणि गिझर दिवसभर चालू राहत असेल, तर तेच १४ लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला रोज सुमारे अर्धा युनिट वीज जाते. ती वेगळीच.

मीरा रोडला राहणारे लेखक, चित्रकार आणि ‘बहादूर’ या चित्रकथा-नायकाचे जनक आबिद सुरती यांनी नेमके हेच काम हाती घेतले. २००७ साली त्यांनी ‘ड्रॉप डेड फाउंडेशन’ सुरू केले. रविवारी सकाळी एक प्लंबर आणि एक स्वयंसेवक सोबत घेऊन इमारतीत जायचे, दारोदार विचारायचे आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. त्यांना हे करावेसे वाटले त्यामागे एक साधी अडचण होती: एवढ्याशा कामासाठी प्लंबर येत नाहीत. ती अडचण आजही तशीच आहे. नवे न्हाणीघर बसवायला माणूस लगेच मिळतो, वॉशर बदलायला ‘उद्या येतो’ म्हणतो आणि त्याचेही काही चुकत नाही. जाण्यायेण्यात त्याचा अर्धा दिवस मोडतो. म्हणून हे एक काम घरातल्या कुणाला तरी यायलाच हवे.

आधी गळती कुठून आहे ते नक्की करा. नळ कोरड्या फडक्याने पुसा आणि पाच मिनिटे नुसते बघत राहा. तोंडातून, म्हणजे तोटीतून थेंब पडत असेल तर दोष आतल्या वॉशरचा, सीटचा किंवा चकत्यांचा. नळ चालू असतानाच मुठीखालून पाणी झिरपत असेल तर ग्लँड सैल झाली आहे किंवा ओ-रिंग गेली आहे. नळ भिंतीत शिरतो तिथून, भिंतीला टेकलेल्या गोल झाकणामागून पाणी येत असेल तर आट्यांवरची टेप निकामी झाली आहे. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि मुठीखालच्या गळतीसाठी वॉशर बदलत बसलेली माणसे मी पाहिली आहेत. शॉवरचे मात्र एक ध्यानात ठेवा. शॉवर बंद केल्यावर दोन-तीन मिनिटे थेंब पडतच राहतात. वरच्या नळीत आणि जाळीत साठलेले पाणी सावकाश उतरत असते. अर्ध्या तासानेही थांबले नाही तरच ती गळती समजा.

पाणी कुठून बंद होते?

नळदुरुस्तीतला खरा अवघड भाग हाच आहे, आणि लोक त्यावरच सगळ्यात कमी विचार करतात. नळ खोलायच्या आधी त्याच्याकडे येणारे पाणी बंद झालेच पाहिजे. फ्लॅटमध्ये बहुधा प्रत्येक न्हाणीघरासाठी भिंतीत एक स्टॉप कॉक असतो, कधी दाराच्या वर, कधी गिझरच्या बाजूला. वॉश बेसिनखाली आणि गिझरला अँगल कॉक असतात. जुन्या चाळीत आणि वाड्यांत खोलीबाहेर, नाहीतर थेट गच्चीवरच्या टाकीला कॉक असतो. बंगल्यात किंवा गावच्या घरात टाकीतून खाली येणाऱ्या पाइपवरच तो मिळतो. कुठला कॉक फिरवल्यावर कुठला नळ बंद होतो हे एकदा सगळे उघडून-मिटून तपासा आणि प्रत्येक कॉकवर रंगाने किंवा मार्करने खूण करा. सोसायटीच्या गच्चीवरचा कॉक बंद करायचा असेल तर त्या लाइनीवरच्या सगळ्या घरांना आधी सांगा. कुणाच्या तरी घरी त्याच वेळी डोक्याला साबण लावलेला असतो.

वर्षानुवर्षे न फिरवलेला कॉक हा धोका आहे. तो गच्च बसलेला असतो. त्याला एकदम पाना लावून पिळले तर आतले झाकण तुटून अडकते किंवा त्याच्याच मुठीतून पाणी यायला लागते, आणि मग ठिबकत्या नळाच्या जागी वाहता कॉक पदरात पडतो. थोडा उजवीकडे, थोडा डावीकडे, पुन्हा थोडा उजवीकडे, असा हलवत हलवत तो मोकळा करा. तरीही हलला नाही तर टाकीवरून पाणी बंद करा, आणि त्या दिवशी नळाबरोबर तोही कॉक बदलायच्या यादीत घाला. घरातले सगळे कॉक वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आणि पाडव्याच्या साफसफाईत पूर्ण बंद करून उघडले तर ही वेळ येत नाही.

गरम पाण्याशी संबंधित काहीही करणार असाल तर पहिल्यांदा गिझरचे बटण बंद करा, मगच पाण्याला हात लावा. गिझरचे पाणी बंद ठेवून वीज चालू राहू देऊ नका. आत तापलेले पाणी असेल तर ते निवेपर्यंत थांबा. तुम्ही नळ खोलून तोंड पुढे केलेले असताना आतून वाफाळलेले पाणी उसळले तर चेहरा भाजतो.

पाणी बंद केल्यावर नळ उघडा आणि पाइपात उरलेले सगळे पाणी जाऊ द्या. मग मोरीच्या जाळीवर एक फडके पसरा. हे विसरू नका. नळाचे स्क्रू हातातून सुटतातच, आणि ते बरोबर जाळीच्या भोकातून खाली जातात.

वॉशरचा नळ

हँडल दोन-तीन वेळा पुरते फिरवल्यावर जो नळ बंद होतो, तो वॉशरचा नळ. ही रचना जुनी आहे. इंग्लंडमधल्या रॉदरहॅमच्या गेस्ट अँड क्राइम्स या पितळी ओतकामाच्या कारखान्याने १८४५ साली ती काढली आणि तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे. हँडल फिरवले की आट्यांचा दांडा, म्हणजे स्पिंडल, खाली उतरतो. त्याच्या टोकाला वॉशर असतो. खाली नळाच्या धडात एक गोल पितळी कडा असते, तिला सीट म्हणतात. वॉशर सीटवर टेकला की पाणी थांबते. एवढाच सगळा कारभार आहे.

अवजारे जास्त लागत नाहीत. एक मध्यम मापाचा, तोंड कमीजास्त होणारा पाना, एक पक्कड, चपटा आणि फुलीचा असे दोन स्क्रू ड्रायव्हर, टेफ्लॉनची रीळ, जुना टूथब्रश आणि सुती फडके. क्रोमच्या नळाला पान्याच्या दातांनी चरे पडतात, म्हणून पाना लावण्याआधी त्या जागी फडक्याची एक घडी गुंडाळा.

हँडलच्या डोक्यावर बहुधा लाल किंवा निळ्या रंगाची छोटी टिकली असते. चपट्या स्क्रू ड्रायव्हरने ती कडेने अलगद उचला. तिच्याखाली स्क्रू असतो. तो काढला की हँडल वर ओढून निघते. निघाले नाही तर ते क्षारांनी धरलेले असते. त्यावर गरम पाण्यात भिजवलेले फडके दहा मिनिटे गुंडाळून ठेवा, मग उजवीडावीकडे हलवत ओढा. हातोडी मारू नका. हँडलखाली घंटेसारखे एखादे झाकण असेल तर ते हातानेच फिरवून काढता येते. त्याच्याखाली सहा पैलूंचा भाग दिसेल. पाना लावायचा तो इथे.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. एका हाताने पाना फिरवताना दुसऱ्या हाताने नळाचे धड घट्ट धरून ठेवा, शक्य असेल तर दुसऱ्या पान्याने. मी हे एकदा केले नाही. एका नातेवाइकांच्या जुन्या घरात मी पाना लावला आणि दोन्ही हातांचा जोर त्यावरच दिला. स्पिंडल जागचा हलला नाही. हलला तो भिंतीतला गंजलेला लोखंडी एल्बो. तेव्हा काही कळले नाही, नळही नंतर व्यवस्थित बंद झाला. चौथ्या दिवशी पलीकडच्या खोलीच्या भिंतीवर ओल उमटली. टाइल फोडून पाइप बदलावा लागला, आणि त्या रंगाच्या टाइल आता मिळत नाहीत म्हणून तिथे आजही चार टाइल वेगळ्या आहेत. त्या घरी गेलो की मला त्या दिसतातच. तेव्हापासून धड धरल्याशिवाय मी पाना फिरवत नाही, आणि तुम्हीही फिरवू नका.

डावीकडे फिरवले की सैल होते, उजवीकडे घट्ट. स्पिंडल बाहेर आला की त्याच्या टोकाकडे बघा. छोट्या पितळी बुडख्यावर वॉशर बसवलेला असतो, कधी नटने, कधी नुसता दाबून. काही नळांत हा भाग स्पिंडलबरोबर बाहेर येत नाही, आतच सीटवर पडून राहतो. तो पक्कडीने उचला. वॉशर हातात घेऊन उजेडात धरा. नवा वॉशर दोन्ही बाजूंनी सपाट असतो. जुन्यावर सीटच्या कडेची गोल रेघ खोल उमटलेली दिसेल. एका जागी ती रेघ तुटलेली असेल, नाहीतर तिथून रबराचा कपचा गेलेला असेल. नखाने दाबून बघा. गरम पाण्याच्या नळातला वॉशर इतका कडक झालेला असतो की नख रुतत नाही. एवढ्या दिवसांची टपटप त्या तुटलेल्या रेघेतून येत होती.

जुना वॉशर खिशात घालून हार्डवेअरच्या दुकानात जा. तोंडी माप सांगण्यात अर्थ नाही. घरातले बहुतेक नळ अर्धा इंची असतात हे खरे, पण वॉशरची जाडी आणि मधले भोक यांत फरक असतो. जुना समोर ठेवा, त्याच्यासारखाच मागा आणि दोन-चार जास्तीचे घ्या. जरा मोठा वॉशर घेऊन कात्रीने कातरणे ही खोटी काटकसर आहे. कातरलेली कडा सरळ येत नाही आणि महिन्याभरात तेच काम पुन्हा निघते.

नवा वॉशर बसवण्याआधी नळाच्या धडात बोट घालून सीटची कडा चाचपा. ती गुळगुळीत लागली पाहिजे. एखाद्या जागी खाच लागली, बोटाला अडखळल्यासारखे झाले, तर वॉशर नवा घातला तरी नळ ठिबकणार. ही खाच पाण्यानेच पाडलेली असते. बारीक फटीतून दाबाने सतत निसटणारे पाणी पितळ कापत जाते. ठिबकणारा नळ सहा महिने तसाच ठेवणाऱ्या घरात ही खाच हमखास मिळते, म्हणून माझे सांगणे आहे की टपटप सुरू झाली त्याच आठवड्यात नळ खोला. खाच अगदी हलकी असेल तर बारीक पॉलिश पेपरचा तुकडा सपाट लाकडी दांड्याच्या टोकाला लावून, दांडा सरळ धरून, सावकाश गोल फिरवता येतो. खोल असेल तर प्लंबरकडे सीट घासायचे अवजार असते. साधा नळ असेल तर मी सीट घासण्यापेक्षा नळच बदलायला सांगेन.

जोडताना उलट्या क्रमाने जायचे. आट्यांवरची घाण टूथब्रशने काढा. स्पिंडल धडात घालताना तो उघडलेल्या स्थितीत, म्हणजे वर ओढलेला ठेवा. तो खाली उतरलेला असेल तर घट्ट करताना नवा वॉशर सीटवर चिरडला जातो, आणि नवा वॉशर पहिल्याच दिवशी फाटण्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. पहिले दोन-तीन आटे हातानेच बसवा. हाताने बसत नसतील तर ते तिरके चढले आहेत. काढून पुन्हा सरळ लावा. तिरक्या आट्यांवर पाना फिरवला की पितळ सोलवटते, आणि आटे गेले की नळ गेला. हाताने घट्ट झाल्यावर पान्याने थोडेसेच आवळा.

मुठीखालून झिरपणारे पाणी याच नळात याच वेळी थांबवता येते. स्पिंडलभोवती जो छोटा ग्लँड नट असतो तो आधी पाव फेरी आवळून बघा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागते. नाही भागले तर नट वर सरकवा, आतले जुने, कुजलेले पॅकिंग टोचून काढा, टेफ्लॉन टेपची दोरीसारखी वळी करून स्पिंडलभोवती चार-पाच वेढे द्या आणि नट परत बसवा. मूठ सहज फिरेल इतपतच आवळा.

पाव फेरीचा नळ

गेल्या वीसेक वर्षांत बांधलेल्या घरांत बहुधा हा नळ असतो. मूठ जेमतेम नव्वद अंश फिरते आणि नळ पुरता उघडतो किंवा बंद होतो. याच्या स्पिंडलमध्ये अॅल्युमिना सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर घासून बसलेल्या असतात. दोघींना भोके असतात. ती समोरासमोर आली की पाणी येते, सरकली की थांबते. इथे दाबून बंद करण्यासारखे काही नसतेच. आयुष्यभर वॉशरचे नळ पिळलेल्या हाताला ही गोष्ट पटायला वेळ लागतो. मूठ अडली की नळ बंद झाला. तिच्या पुढे जोर लावला तर चकत्या काही जास्त घट्ट होत नाहीत, स्पिंडलमधली अडण तेवढी तुटते. घरी येणाऱ्या पाहुण्यांना आणि कामाला येणाऱ्या मावशींनाही हे एकदा करून दाखवा.

असा नळ ठिबकायला लागला तर दोनच शक्यता जास्त असतात. टाकीतली रेती किंवा पाइपमधला गंजाचा कण चकत्यांमध्ये अडकला आहे, किंवा स्पिंडलच्या बुडाशी असलेली रबरी रिंग चेपली आहे. टाकी धुतल्यावर किंवा रस्त्यावरची लाइन दुरुस्त होऊन पाणी गढूळ आल्यावर चार-आठ दिवसांत नळ ठिबकू लागला, तर पहिलेच कारण धरून चाला.

खोलायची पद्धत तीच. मुठीचा स्क्रू इथे बऱ्याचदा मागच्या किंवा खालच्या बाजूला लपलेला असतो आणि त्याला एल आकाराची किल्ली लागते. स्पिंडल बाहेर काढण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा, म्हणजे मूठ परत कोणत्या कोनात बसवायची ते कळते. बाहेर आल्यावर तो स्वच्छ पाण्याखाली धरा आणि दांडा फिरवत उघडमीट करा. कण निघून जातो. चकत्यांवर पांढरा थर असेल तर वाटीभर व्हिनेगरमध्ये अर्धा तास ठेवा आणि मऊ ब्रशने धुवा. सुई, सुरी, घासणी यांपैकी काहीही चकतीला लावू नका. खालची रबरी रिंग काढून बघा. चपटी झाली असेल तर तेवढी नवी मिळते. चकतीवरच ओरखडा दिसला तर अख्खा स्पिंडल बदलायचा.

स्पिंडल विकत घेताना तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: लांबी, दांड्यावरच्या दातांची संख्या आणि फिरण्याची दिशा. गरम-थंड मिक्सरमध्ये दोन बाजूंचे स्पिंडल बऱ्याचदा उलटसुलट दिशेने फिरतात. चुकीचा बसवला तर नळ ठिबकत नाही, पण मूठ बंद असताना पाणी येते. त्यामुळे इथेही जुना स्पिंडल बरोबर नेणे हाच मार्ग. नळ चांगल्या कंपनीचा असेल तर त्याच कंपनीचा स्पिंडल घ्या. कुठल्याही नळाला चालेल असे सांगून दिलेला स्पिंडल दोन दाते इकडेतिकडे असला तरी मूठ हातात येते.

रबरी रिंगला लावायला सिलिकॉन ग्रीस मिळते, तेच वापरा. व्हॅसलीन किंवा शिलाई मशिनचे तेल हाताशी असते म्हणून लावले जाते, पण खनिज तेलाने काही प्रकारचे रबर फुगते आणि सैल पडते.

मिक्सर असेल तर कोणती बाजू ठिबकते ते आधी ओळखा, नाहीतर दोन्ही खोलाव्या लागतात. गिझरचे बटण बंद करून गिझरकडे जाणारा कॉक बंद करा आणि थोडा वेळ थांबा. थेंब थांबले तर दोष गरम बाजूचा. तसेच पडत राहिले तर थंड बाजू बघा.

आणखी काही

भिंतीतून झिरपणाऱ्या नळासाठी अख्खा नळ फिरवून काढावा लागतो. आट्यांवरची जुनी टेप किंवा पूर्वीच्या कामातला सफेदा लावलेला धागा पूर्ण खरवडून काढा. नळाचे आटे तुमच्याकडे धरून टेफ्लॉन टेप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, ताण देत, दहा-बारा वेढे गुंडाळा. उलट गुंडाळली तर नळ बसवताना ती सोलून निघते. नळ बसवताना शेवटी तो सरळ करायला थोडा मागे फिरवावासा वाटतो. तसे करू नका, मागे फिरवला की टेपची पकड सुटते. काढून, नवी टेप लावून पुन्हा बसवा. भिंतीतला पाइप जुना लोखंडी असेल तर मात्र हे काम अनुभवी माणसाकडे द्या. माझ्या नातेवाइकांच्या त्या चार टाइल आठवून सांगतो आहे.

प्लास्टिकचे पांढरे नळ खोलत बसू नका. ते उघडताना आटे मोडतात आणि नव्याची किंमत फार नसते. भिंतीत बुजवलेला शॉवरचा डायव्हर्टर, एकाच दांडीचा मिक्सर आणि बंदच न होणारा मुख्य कॉक, या तिन्हींसाठी प्लंबर बोलवा.

तळमजल्यावरचे वॉशर वरच्या मजल्यांपेक्षा लवकर का जातात, असे बरेच जण विचारतात. गच्चीवरच्या टाकीपासून खाली दर १० मीटरला पाण्याचा दाब सुमारे एक किलोने वाढतो. सात मजली इमारतीत तळमजल्याच्या वॉशरवर वरच्यापेक्षा दोन किलो दाब जास्त असतो. तिथे वॉशर जास्त वेळा बदलावा लागणार, हे धरूनच चालावे.

ज्यांच्याकडे बोअरचे पाणी आहे त्यांच्या नळांचा मोठा शत्रू क्षार. तोटीच्या टोकाला पांढरी खपली धरते, आतली जाळी बुजते आणि पाणी फाटून उडते. जाळी फिरवून काढा, व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात भिजवा, ब्रशने धुवा. क्रोमवर व्हिनेगरचे फडके दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका आणि लगेच पाण्याने धुवा. संडास साफ करायचे आम्ल नळाला लावणे पूर्ण चूक आहे. खपली जाते आणि तिच्याबरोबर क्रोमही जाते.

सगळे जोडून झाले की पाणी सोडण्याआधी दुरुस्त केलेला नळ थोडा उघडा ठेवा आणि मुख्य कॉक सावकाश फिरवा. रिकाम्या पाइपातली हवा फुसफुसत बाहेर येईल, पाणी थोडा वेळ उसळेल, कदाचित गढूळ येईल. नळ बंद ठेवून एकदम पाणी सोडले तर तो धक्का नव्या चकत्यांना बसतो. पाणी स्वच्छ आल्यावर नळ हलकेच बंद करा. फक्त दोन बोटांनी. दोन बोटांनी बंद होत नसेल तर काहीतरी तिरके बसले आहे, पुन्हा खोला.

दोन बोटांनी बंद झाला तर झोपण्याआधी मोरी पुसून कोरडी करा आणि नळाखाली जुन्या वर्तमानपत्राचा एक तुकडा ठेवा. सकाळी तो कोरडा असला तर नळ दुरुस्त झाला.